रोडोप्सिन उडताना आणि भरताना: रेटिना डेन्सिटोमीटरच्या नोंदी

ज्यांना जिवंत डोळ्यात रंगद्रव्य प्रकाशाने उडतंय आणि अंधारात परत भरतंय हे कॅमेऱ्याने मोजायचंय त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. थिअरी पुस्तकात आहे, इथे फक्त कामापुरती: अंधारात बसलेल्या डोळ्यात रॉड पेशी (मंद उजेडात बघणाऱ्या) रोडोप्सिन या रंगद्रव्याने भरलेल्या असतात, ते निळा-हिरवा प्रकाश खातं, म्हणून रेटिनातून परत येणारा प्रकाश कमी असतो. जोरात प्रकाश मारला की त्यातल्या प्रकाश पकडणाऱ्या ११-सिस रेटिनल रेणूचा आकार बदलून तो ऑल-ट्रान्स होतो, रंग उडतो (यालाच पुढे ब्लीच म्हटलंय), परतीचा प्रकाश वाढतो. आधीचा आणि नंतरचा फोटो घ्या, भागाकार करा, लॉग घ्या, ती झाली डबल डेन्सिटी (प्रकाश जाताना-येताना दोनदा रंगद्रव्यातून जातो म्हणून डबल). कागदावर एवढंच आहे. खरं काम हे सिद्ध करण्यात जातं की फोटोत जे वाढलं ते रंगद्रव्यामुळेच वाढलं, दिव्यामुळे, बाहुलीमुळे किंवा हललेल्या डोक्यामुळे नाही.

एक गोष्ट आधीच. हे वाचून घरी कुणाच्या डोळ्यावर प्रयोग करू नका. आमच्याकडे एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती आणि सेशनच्या वेळी खोलीत नेत्रतज्ज्ञ मॅडम, हे तिन्ही असल्याशिवाय दिवाच लावत नाही.

८ जून: कुठली वेव्हलेंग्थ

जुना फंडस कॅमेरा (रेटिनाचा फोटो काढणारा) हातात आहे, त्याचा दिवा काढून एलईडी बसवायचे ठरले. पहिला वाद वेव्हलेंग्थवरून. रोडोप्सिनचं शिखर ४९८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ५०० घ्यावं असं सगळ्यांना वाटतं. पण दोन अडचणी आहेत. पिवळ्या ठिपक्यातलं मॅक्युलर पिगमेंट ४६० ला जोरात शोषतं आणि त्याचं शेपूट ५०० पर्यंत येतं. दुसरं म्हणजे ब्लीच झाल्यावर रोडोप्सिन एका झटक्यात रंगहीन होत नाही, मधले पदार्थ तयार होतात, त्यातला मेटा-३ हा ४७० च्या जवळपास शोषतो आणि काही मिनिटं रेंगाळतो. म्हणजे निळ्यात मोजलं तर ब्लीच झाल्यावर परतीचा प्रकाश वाढायच्या ऐवजी कमी झालेला दिसू शकतो आणि माणूस चक्रावतो.

शेवटी ५२० वर आलो, १० नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर लावून. रात्रीच्या दृष्टीचा सीआयई (प्रकाशमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था) वक्र बघितला तर ५०७ च्या शिखराच्या तुलनेत ५२० ला अजून ९३ टक्के संवेदनशीलता आहे, म्हणजे सिग्नल फारसा जात नाही. किंमत एवढीच की कोन पेशीही (दिवसाच्या उजेडात आणि रंग बघणाऱ्या) इथे जास्त शोषतात, ते पुढे निस्तरायचं. सोबत ८५० चा इन्फ्रारेड एलईडी, अलाइनमेंटसाठी आणि कंट्रोल म्हणून. ८५० ला कुठलंच दृष्टीचं रंगद्रव्य शोषत नाही, त्यामुळे तिथे काही बदललं तर ते रंगद्रव्य नाही, हे डोळे झाकून म्हणता येतं.

१५ जून: कॅमेरा खोटं बोलतो

कॅमेऱ्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर फोटो "छान" करून देतं. गॅमा (उजेड आणि आकड्याचं सरळ नातं वाकवणारी दुरुस्ती), ऑटो-एक्स्पोजर, नॉइज रिडक्शन, कडा धारदार करणं, सगळं डिफॉल्टला चालू. आम्हाला गुणोत्तर हवंय, त्यामुळे यातली एक गोष्ट जरी चालू राहिली तर पुढचं सगळं मुसळ केरात. मेनूमध्ये बंद केलं तरी गॅमा बंद झालेला नव्हता, हे कळलं ते एक्स्पोजर दुप्पट-दुप्पट करत पांढऱ्या कागदाचे फोटो घेतले तेव्हा, आकडे दुप्पट होईनात. मग कॅमेरा थेट त्याच्या ड्रायव्हरमधून चालवला, १२ बिटची रॉ फाइल, तेव्हा रेघ सरळ आली. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, डोळा समोर आणायच्या आधीच करा.

नॉइजचा हिशोबही इथेच केला. एका पिक्सेलमध्ये १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर फोटॉन नॉइज १०० चा, म्हणजे १ टक्का. १६ बाय १६ चा चौकोन एकत्र केला की तो ०.०६ टक्क्यांवर येतो. रॉडचा सिग्नल वीस-तीस टक्क्यांच्या घरात अपेक्षित आहे, त्यामुळे महागडा थंड केलेला सेन्सर लागत नाही. या प्रयोगात नॉइज शत्रू नाही, ड्रिफ्ट (आकडा हळूहळू सरकत जाणं) शत्रू आहे.

२१ जून: खोटा डोळा

मॉडेल डोळा बनवला: एक ॲक्रोमॅट भिंग, त्याच्या फोकसला मॅट राखाडी कागद, पुढे काळ्या पत्र्याची ७ मिलिमीटरची बाहुली. कागदात रंगद्रव्य नाही, म्हणून त्याला कितीही "ब्लीच" केलं तरी उत्तर शून्य यायला हवं. आलं ३ टक्के, उलट्या दिशेने. म्हणजे ब्लीचनंतर कागद काळवंडला!

एलईडी तापतो तसा त्याचा उजेड कमी होतो. ब्लीचचा मोठा एलईडी आणि मोजणीचा छोटा एलईडी एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेले, मोठ्याने पट्टी तापवली आणि छोटा मंदावला. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, आणि मोजणीच्या एलईडीसमोर काचेचा तिरका तुकडा लावून थोडा प्रकाश फोटोडायोडवर वळवला. आता प्रत्येक फोटोला त्या फोटोडायोडच्या आकड्याने भागतो. खोटा डोळा ०.३ टक्क्याच्या आत शून्य दाखवतो. तापल्यावर एलईडीची वेव्हलेंग्थही थोडी सरकते, पण १० नॅनोमीटरचा फिल्टर असल्याने इथे त्रास नाही.

४ जुलै: किती उजेड चालेल

ब्लीचसाठी किती प्रकाश लागतो याचं गणित सोपं आहे. रॉडसाठी सुमारे १ कोटी स्कोटोपिक ट्रोलँड-सेकंद (रॉडच्या हिशोबाने रेटिनावर पोचलेल्या प्रकाशाचं एकक) एवढा डोस दिला की रोडोप्सिन ३७ टक्क्यांवर येतं. ९० टक्के उडवायचं तर २.३ कोटी. हे ३० सेकंदात दिलं की मधल्या वेळात जे परत भरतं ते नगण्य.

आमचा पहिला विचार होता कॅमेऱ्याचाच झेनॉन फ्लॅश वापरू, एका मिलिसेकंदात काम तमाम. नाही होत. एवढ्या कमी वेळात ब्लीचचे मधले पदार्थ अजून तिथेच असतात, ते दुसरा फोटॉन खाऊन परत मूळ रोडोप्सिनवर येतात, त्यामुळे फ्लॅश कितीही वाढवला तरी साधारण अर्ध्यावर गाडी अडते. ही फोटोरिव्हर्सलची गोष्ट जुन्या पेपरांमध्ये स्पष्ट आहे, आम्ही ती फ्लॅशचं सर्किट दुरुस्त करून झाल्यावर वाचली. सर्किट आता छान चालतं, कपाटात आहे.

सुरक्षेचं गणित आयएसओ १५००४-२ (डोळ्याच्या उपकरणांच्या प्रकाश-सुरक्षेचं मानक) प्रमाणे केलं. उष्णतेपेक्षा निळ्या प्रकाशाचा फोटोकेमिकल धोका आधी मर्यादा गाठतो, हे ५२० आणि हिरवट ब्लीच निवडायचं आणखी एक कारण. एका दिवसात एका डोळ्याला एकूण किती डोस गेला हे वहीत लिहितो आणि ते मॅडम सही करून बघतात. बाहुली मोठी करायचे ट्रॉपिकामाइडचे थेंब त्याच घालतात, आधी डोळ्याचा अँगल (कॉर्निया आणि आयरिसमधली फट) तपासून, कारण अरुंद अँगल असलेल्या माणसाला हे थेंब महागात पडू शकतात.

११ जुलै: खोली काळी करणं

दाराखालची फट, एसीचा हिरवा ठिपका, यूपीएसचा लुकलुकणारा दिवा, लॅपटॉपच्या चार्जरवरचा पांढरा थेंब, सगळ्यावर काळी टेप. लक्समीटर शून्य दाखवत होता, पण तो काही कामाचा नाही, त्याच्यापेक्षा रॉड कितीतरी तिखट. खरी चाचणी एकच: स्वतः आत अर्धा तास बसायचं आणि मग जे जे दिसेल ते बंद करायचं. अर्ध्या तासाने मला माझा स्वतःचा पांढरा शर्ट दिसला आणि मग शोधत गेलो तर छताच्या पॅनलच्या कडेने शेजारच्या खोलीचा उजेड येत होता. मॉनिटरवर गडद लाल फिल्म दोन थर, आणि आमच्या हातातल्या बॅटऱ्या ६६० नॅनोमीटरच्या लाल.

१९ जुलै: पहिला खरा डोळा, उत्तर जवळजवळ शून्य

व्हॉलंटिअर लॅबमधलाच एक मित्र. चाळीस मिनिटं अंधार, फोटो, ब्लीच, फोटो. फरक २ टक्के. सगळे गप्प.

लॉग फाइल उघडल्यावर उलगडलं. फोकस लागेना म्हणून ५२० चा दिवा लाइव्ह मोडवर ठेवून अलाइन केलं गेलं. "अंधारातला" म्हणून जो फोटो घेतला त्याच्या आधीच रोडोप्सिन बरंचसं उडालेलं होतं, ब्लीचला उडवायला उरलंच काय. एक साधा मोजणीचा फोटो २ लाख ट्रोलँड-सेकंदाचा होता, म्हणजे प्रत्येक फोटोमागे २ टक्के रंगद्रव्य जातं. असे दहा घेतले की १८ टक्के खलास. लाइव्ह मोड म्हणजे सेकंदाला वीस.

दुरुस्ती: फोकस आणि अलाइनमेंट फक्त ८५० वर, आणि सॉफ्टवेअरमध्येच असं कुलूप की ५२० चा एलईडी एका ट्रिगरला एकदाच पेटेल. ८५० आणि ५२० चा फोकस एका जागी पडत नाही, डोळ्याचाच रंगदोष आहे तो, त्यामुळे इन्फ्रारेडवर फोकस लावला की ठरलेल्या अंतराने स्टेज सरकवायची. हे अंतर अंधाराची गरज नसलेल्या, आधीच ब्लीच झालेल्या डोळ्यावर एकदा मोजून ठेवलं. एक्स्पोजर अर्ध्यावर आणलं, आता एका फोटोमागे १ टक्का जातो, आणि तोही हिशोबात धरतो.

२ ऑगस्ट: ऑप्टिक डिस्क हा फुकटचा कंट्रोल

आता सिग्नल आला, ०.०८ च्या आसपास. खूश व्हायच्या आधी नकाशा नीट बघितला. डाव्या बाजूला बदल जास्त, उजव्या बाजूला कमी, आणि ऑप्टिक डिस्कवर ४ टक्के वाढ. डिस्कवर रॉड नाहीत आणि कोनही नाहीत, आंधळा ठिपका आहे तो. तिथे ४ टक्के वाढले म्हणजे सगळ्याच नकाशात कुठूनतरी खोटे टक्के मिसळलेत. प्रत्येक फोटोत निसर्गाने शून्याचा ठिपका छापून दिलाय, तो बघत जा.

कारण बाहुली. फंडस कॅमेरा प्रकाश कड्याच्या आकारात बाहुलीच्या बाहेरच्या भागातून आत सोडतो आणि परतीचा मधून घेतो. डोकं एक मिलिमीटरभर सरकलं की कड्याचा एक कोपरा आयरिसवर पडतो आणि रेटिनावर एका बाजूने सावली येते. ब्लीचचे तीस सेकंद झगझगीत उजेडात बसून माणूस हनुवटी थोडी मागे घेतोच, तो त्याचा दोष नाही.

हनुवटीच्या स्टँडने भागेना. शेवटी दाताचं ठसा घ्यायचं मटेरियल धातूच्या पट्टीवर लावून बाइट बार केला. गरम पाण्यात मऊ करायचं, व्हॉलंटिअरने चावायचं, थंड होईपर्यंत धरायचं, मग प्रत्येक सेशनला तोच ठसा. दिसायला भयानक, लाळ गळते, टिश्यूचा डबा जवळ ठेवा, पण बाहुली दर वेळी त्याच जागी येते. शिवाय ८५० वरच बाहुलीचा छोटा कॅमेरा लावला, स्क्रीनवर वर्तुळ, बाहुली वर्तुळात नसेल तर ट्रिगर होत नाही. डिस्कवरचा बदल ०.५ टक्क्याच्या खाली आला. यात जवळजवळ सगळा पावसाळा गेला असं वाटतंय, कारण बाइट बारची पट्टी तीनदा बनवून घ्यावी लागली, आधीच्या दोन लचकायच्या.

१७ ऑगस्ट: भलताच उजेड

सिग्नल ०.०७. पुस्तकी अपेक्षेपेक्षा कमी. रॉडची घनता नजरेच्या मध्यापासून २० अंशाच्या आसपास सर्वात जास्त, आम्ही तिथेच मोजत होतो, तरी कमी.

खोट्या डोळ्यात राखाडी कागदाऐवजी काळं मखमल लावलं. आता परत काहीच यायला नको. आलं: जिथे डोळ्याचे १००० काउंट येतात तिथे मखमलीचे २५०. हा सगळा ऑब्जेक्टिव्हच्या काचेवरून परतणारा प्रकाश, रेटिनापर्यंत न गेलेला. आकडे मांडून बघा: अंधारात १०००, ब्लीचनंतर ११७५, गुणोत्तर १.१७५, लॉग ०.०७. दोन्हीतून २५० वजा केले तर ७५० आणि ९२५, लॉग ०.०९. फक्त वजाबाकीने. धुकं धरलेल्या खिडकीतून बाहेरचं बघावं तसं आहे, बाहेर कितीही बदललं तरी धुक्याचा पांढरेपणा तेवढाच राहतो.

पण मखमल फक्त यंत्राचा दोष दाखवते. कॉर्निया, डोळ्याचं नैसर्गिक भिंग आणि रेटिनाच्या वरच्या चकचकीत थरावरून येणारा उजेड त्यात नाही, आणि तरुण डोळ्यात तो चकचकीतपणा भरपूर, रक्तवाहिन्यांच्या कडेने चांदीच्या झिलईसारखे पट्टे दिसतात. आत जाणाऱ्या प्रकाशावर एक पोलरायझर आणि परतीच्या वाटेवर त्याला काटकोनात दुसरा लावला. पट्टे गायब झाले. उजेड खूप कमी झाला म्हणून लेन्सची ॲपर्चर उघडावी लागली, पण सिग्नल ०.१३ वर गेला. गुणोत्तरात सांगायचं तर परतीचा प्रकाश ३५ टक्क्यांनी वाढतोय, हे आता नुसत्या डोळ्यांनी दोन फोटो आलटून पालटून बघितले तरी कळतं.

ज्यांना कोन मोजायचेत त्यांनी ही पोलरायझरची युक्ती जपून वापरावी. कोनमधून दिशा धरून परत येणारा प्रकाश बराचसा आपलं पोलरायझेशन टिकवून येतो, काटकोनातला पोलरायझर नेमका तोच अडवतो.

जाता जाता: कॅम्पबेल आणि रशटन यांनी १९५५ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यात रोडोप्सिन मोजलं ते कॅमेऱ्याशिवाय, फोटोमल्टिप्लायर नळीवर, रेटिनाच्या एका छोट्या तुकड्यावरून. नकाशा नाही, डिस्कचं शून्य नाही, संगणक नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याकडे तुमच्यासारखं ऑटो-एक्स्पोजरही नव्हतं, म्हणून जमलं."

३० ऑगस्ट: टार्गेट दिसेनासं होतं

आता परत भरण्याचा वक्र काढायचा. ब्लीच संपल्या संपल्या पहिला फोटो, मग १, २, ५, १०, २०, ३० मिनिटांनी. पहिले दोन बिंदू सतत वाया जात होते, डोळा भटकलेला. व्हॉलंटिअर वैतागून म्हणाला, "अरे बघू कुठे, तुझा लाल ठिपका दिसतच नाहीये मला."

बरोबरच आहे. ब्लीचनंतर समोर हिरवा-जांभळा मोठा डाग तरंगतोय आणि आम्ही त्याला अंधारासाठी मंद केलेल्या लाल ठिपक्याकडे बघायला सांगतोय. नेमका सगळ्यात मौल्यवान बिंदू, जिथे रंगद्रव्य सगळ्यात कमी असतं, तोच आंधळेपणाने घेतला जात होता.

ठिपका प्रखर केला तर अंधाराचा पुढचा भाग बिघडतो. उपाय दुसऱ्या डोळ्याचा: टार्गेट दुसऱ्या डोळ्याला दाखवलं, त्याला ब्लीच मिळालेलंच नाही. दोन्ही डोळे एकत्रच फिरतात. थोडा तिरळेपणा लपलेला असला तर जागा जराशी सरकते, पण ती पूर्ण सेशनभर तेवढीच सरकलेली राहते, त्यामुळे चालतं. आणि प्रत्येक फोटोच्या आधी एकदा पापणी मिटायला सांगायचं, टक लावून बसलं की अश्रूंचा थर फाटतो आणि फोटो गढूळ येतो.

६ सप्टेंबर: वक्र

हा दिवस चांगला गेला.

परिघावर, १८ ते २० अंशाच्या पट्ट्यात, रंगद्रव्य निम्मं भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागली. पुस्तकातला रॉडचा टाइम कॉन्स्टंट (उडालेल्यातलं ३७ टक्के भरायचं उरेपर्यंतचा वेळ) सुमारे ४०० सेकंद, म्हणजे निम्म्यासाठी साडेचार मिनिटं. जवळ आहे. सुरुवातीचा भाग एक्स्पोनेन्शियलपेक्षा सरळ रेघेसारखा दिसतो, तेही अपेक्षित, कारण ११-सिस रेटिनल रेटिनाच्या मागच्या रंगीत थरातून ठराविक गतीनेच पुरवलं जातं, रिकाम्या ऑप्सिनची (रेटिनल निघून गेल्यावर उरलेल्या प्रथिनाची) रांग कितीही मोठी असो.

आणि फोव्हियात (पिवळ्या ठिपक्याच्या मध्यभागी), जिथे मधोमध रॉड अजिबात नाहीत, तिथेही बदल होता पण दोन मिनिटांच्या फोटोतच तो निम्म्याहून जास्त पुसला गेलेला. कोनचा टाइम कॉन्स्टंट २ मिनिटांच्या जवळपास असतो. म्हणजे ८ जूनला जी कोनची भीती होती ती वेळेच्या बाजूने सुटली: पाच मिनिटांनंतर नकाशात जे उरतं ते जवळपास सगळं रॉडचं. त्या फोटोत मधे काळा खड्डा आणि भोवती उजळ कडं दिसतं, रॉडच्या वाटपाचं जे चित्र पाठ्यपुस्तकात असतं तेच, पण समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यातून काढलेलं.

८५० च्या चॅनलमध्ये पूर्ण वेळ सपाट रेघ.

एक गैरसमज इथेच निस्तरतो, कारण तो दर वेळी विचारला जातो. रंगद्रव्य ९० टक्के भरलं म्हणजे डोळा ९० टक्के अंधाराला सरावला, असं नसतं. थोडंसं रंगद्रव्य जरी ब्लीच झालेलं राहिलं तरी रॉडची संवेदनशीलता कित्येक पटीने पडलेली असते. त्यामुळे आपला वक्र आणि अंधारातल्या दिसण्याचा वक्र एकमेकांवर बसवायचा प्रयत्न करू नका.

१४ सप्टेंबर: फोटो जुळवणं

५२० चे फोटो एकमेकांवर जुळवताना कॉन्ट्रास्ट बदलल्यामुळे सॉफ्टवेअर गोंधळतं. प्रत्येक ५२० च्या लगेच आधी एक ८५० चा फोटो घेतो आणि जुळवणी त्याच्यावरून करतो. रक्तवाहिन्यांच्या कडेला नकाशात काळी-पांढरी दुहेरी रेघ दिसली तर जुळवणी चुकलीय, यापेक्षा चांगली तपासणी सापडली नाही.

२७ सप्टेंबर: डोसची परीक्षा

वक्र बरोबर दिसला तरी माझं समाधान होईना, कारण संथपणे परत येणाऱ्या गोष्टी डोळ्यात बऱ्याच असतात. बाहुली, अश्रू, रक्तप्रवाह. म्हणून डोस बदलून बघितला. ३५ लाख, ७० लाख आणि २.३ कोटी. सूत्रानुसार ३०, ५० आणि ९० टक्के रोडोप्सिन उडायला पाहिजे. आले ०.०५, ०.०७, ०.१३. पहिला थोडा जास्त आहे, बाकी दोन नेमके. मग तोच ७० लाखाचा डोस एकदा ५ सेकंदात आणि एकदा ३० सेकंदात दिला, उत्तर तेच. दिव्याच्या उष्णतेने किंवा माणसाच्या दचकण्याने होणारा बदल असा फोटॉन मोजून वागत नाही.

दोन डोसमध्ये किमान चाळीस मिनिटं अंधार लागतो, त्यामुळे एका माणसाकडून एका बैठकीत फार होत नाही. इथे घाई करून दुसरा डोस लवकर दिला की पहिला "अंधारातला" फोटोच अर्धवट भरलेल्या रेटिनाचा निघतो.

१२ ऑक्टोबर: ओसीटीवर हात मारला

शेजारच्या गटाचं ओसीटी (इन्फ्रारेड प्रकाशाने रेटिनाचे थर दाखवणारं मशीन) रिकामं होतं. प्रकाश पडल्यावर फोटोरिसेप्टरचा (रॉड-कोन पेशीचा) बाह्यखंड, म्हणजे रंगद्रव्य असलेला भाग, आधी काही मिलिसेकंद किंचित आखडतो आणि मग काहीशे मिलिसेकंदात लांबतो, बदल नॅनोमीटरमध्ये. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकच्या हिलमान आणि सहकाऱ्यांनी हे जिवंत माणसाच्या डोळ्यात एकेका पेशीच्या पातळीवर दाखवलं. आमचं डेन्सिटोमीटर रंगद्रव्य किती उरलं ते सांगतं, हे त्याच्यामुळे पेशी किती हलली ते सांगेल, आणि मोजणी इन्फ्रारेडवर असल्याने मोजताना रंगद्रव्य खर्च होत नाही. मोह होणारच.

अडचण एक: दवाखान्यातल्या मशीनसारखंच हेही सेव्ह करताना फक्त लॉग-स्केलचं चित्र देतं, फेज (प्रकाशलहर फेऱ्यात कुठे आहे ते) फेकून देतं. कच्चा स्पेक्ट्रम बाहेर काढायची परवानगी आणि फाइलचा फॉरमॅट मिळवण्यातच अर्धा आठवडा.

अडचण दोन: डोळा श्वासाबरोबर, नाडीबरोबर मायक्रोमीटरमध्ये पुढेमागे होतो, आपल्याला हवेत नॅनोमीटर. त्यासाठी बाह्यखंडाच्या दोन टोकांच्या थरांमधला फेजचा फरक घ्यायचा, दोन्ही टोकं एकत्रच हलतात म्हणून डोळ्याची हालचाल वजा होते. हे जमलं. ८४० नॅनोमीटरवर फेजचा एक पूर्ण फेरा म्हणजे रेटिनात सुमारे ३०० नॅनोमीटर, त्यामुळे मोठ्या ब्लीचला फेज गुंडाळली जाते, ती उलगडावी लागते.

अडचण तीन, जिथे सध्या अडकलोय: डोळा आडवाही सरकतो. फ्लॅशच्या आधीचा फ्रेम आणि अर्ध्या सेकंदानंतरचा फ्रेम यात त्याच जागी वेगळेच ठिपके आलेले असतात, मग त्यांच्या फेजची तुलना म्हणजे निव्वळ निरर्थक आकडे. पहिल्या फ्रेमशी तुलना सोडून लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक घेतला, म्हणजे लांबीऐवजी लांबण्याचा वेग, आणि तो बऱ्याच जागांवर सरासरी करून मग जोडत नेला. फ्लॅशनंतर वर जाणारी एक रेघ दिसते. फ्लॅश न देता केलेल्या रनमध्येही कधी कधी तशीच, थोडी कमी उंचीची दिसते. म्हणून ते अजून निकालात धरलेलं नाही.

२५ ऑक्टोबर: सध्याची यादी

फ्लॅश नसलेले रन आणि फ्लॅशचे रन आलटून पालटून घ्यायचे, कुठला कुठला हे विश्लेषण करणाऱ्याला न सांगता. डेन्सिटोमीटरवर ३५ लाखाच्या डोसचा आकडा जास्त का येतो ते बघायचं, माझा संशय असा की ब्लीचच्या एलईडीच्या सुरुवातीच्या चढाचं गणित कमी धरलंय, कमी वेळाच्या डोसमध्ये तो जास्त टोचतो. फोटोडायोड ब्लीचच्या एलईडीसमोरही लावला की कळेल, पार्ट आलाय, माउंट कापायला दिलंय. आणि वयाने मोठे व्हॉलंटिअर हवेत, कारण वयाबरोबर रॉडचं भरणं मंदावतं, पण त्यांच्या भिंगात भलता उजेड जास्त पसरतो, म्हणजे १७ ऑगस्टचं सगळं प्रकरण प्रत्येकासाठी नव्याने मोजावं लागेल. त्यासाठीच्या परवानगीचा अर्ज मॅडमच्या टेबलावर आहे.